होस्टिंग घेताय? आधी सांगा, कौलं कोण शाकारणार?

होस्टिंग म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, राहते ती जागा. शेअर्ड होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला भाग) म्हणजे फ्लॅट, डेडिकेटेड (अख्खा आपलाच) सर्व्हर म्हणजे बंगला ही उपमा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. ती चुकीची नाही. पण आमच्या गोव्यात घराचा खरा प्रश्न खोल्या किती हा नसतो. मे संपत आला की छपरावर कोण चढणार आणि फुटकी कौलं कोण बदलणार, हा असतो. मी फोंड्यात बसून होमस्टे, काजूची दुकानं, देवस्थानं आणि नाटक मंडळं यांच्या साइट बनवतो. आजवर आजारी पडलेल्या ज्या साइट माझ्याकडे आल्या, त्यांतल्या फार थोड्या जागा अपुरी पडल्यामुळे आल्या. बाकीच्यांकडे कोणी बघणारंच नव्हतं.

म्हणून सुरुवात अशा पर्यायापासून करतो, जो तुम्हाला कोणी विकायला येणार नाही. पाळोळेला तुमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. साइटवर फोटो, दर, नकाशा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण हवं, बस. यासाठी वर्डप्रेसही (स्वतः मजकूर टाकता येईल अशी साइट चालवणारं सॉफ्टवेअर) नको, डेटाबेसही (साइटची माहिती साठवणारा प्रोग्रॅम) नको. साध्या एचटीएमएल पानांची स्टॅटिक साइट क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवेवर फुकट राहते आणि एसएसएलही (साइट आणि बघणारा यांच्यातली सुरक्षित जोडणी) तिथेच मिळतं. सर्व्हरवर काही चालतच नाही, त्यामुळे हॅक व्हायला फारसं काही उरत नाही आणि शाकारणीही नाही. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण ऑनलाइन धंदा चालवायला ते वापरू नका असं त्यांचे नियमच सांगतात. व्हर्सेलची फुकट योजनाही बिगर-व्यावसायिक वापरापुरतीच आहे. अडचण एकच: दर बदलायचा झाला की साइट बनवणाऱ्याला फोन करावा लागतो. वर्षातून दोनदाच दर बदलत असतील तर एवढं चालतं.

मालकाला स्वतः लिहायचं असेल, कार्यक्रम टाकायचे असतील, तर वर्डप्रेस आलं आणि त्याच्याबरोबर शेअर्ड होस्टिंग आलं. एकाच सर्व्हरवर शेकडो खाती असतात आणि सर्व्हरची देखभाल कंपनी करते. तुमच्याकडे राहतात वर्डप्रेस आणि प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) यांचे अपडेट. जाहिरातीत महिना शंभर-दोनशे रुपयांचा दर दिसतो, तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. वर १८ टक्के जीएसटी, आणि रिन्यूअलला तोच आकडा दुप्पट-तिप्पट झालेला असतो. म्हणून आधी रिन्यूअलचा दर विचारा. ‘अनलिमिटेड’ या शब्दावरही जाऊ नका. जागा अनलिमिटेड असली तरी फाइलींची संख्या, प्रोसेसरचा वाटा आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया मोजलेल्या असतात.

ही मोजणी मला एका जत्रेच्या रात्री कळली. एका देवस्थानाची साइट शेअर्डवर होती. एरवी दिवसाला वीस-तीस माणसं यायची, कधी तीही नाही. जत्रेला मुंबईतले, पुण्यातले कुळावी (त्या देवाला कुळाने जोडलेली माणसं) पालखीची वेळ बघायला एकदम तुटून पडले आणि पडद्यावर ५०८ हा एरर उमटला. खात्याची मर्यादा संपली की बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर हाच आकडा दिसतो. दुसऱ्या दिवशी समितीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं: मोठा सर्व्हर घ्या. मी नको म्हटलं. एका रात्रीसाठी वर्षभराचं भाडं कशाला? पानांचं कॅशिंग (तयार पान साठवून सगळ्यांना तेच देणं) सुरू केलं, सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअर (साठवलेल्या प्रती परस्पर देणारी सेवा) बसवलं, व्हिडिओ यूट्यूबवर हलवला. पालखीची वेळ सगळ्यांना तीच दिसायची असते. मग प्रत्येकासाठी डेटाबेसला नव्याने विचारायचंच कशाला? पुढच्या जत्रेला साइट त्याच स्वस्त होस्टिंगवर तरली.

हीच युक्ती म्हापशातल्या काजूच्या दुकानाला मात्र अर्धीच उपयोगी. ऑनलाइन विक्री असली की प्रत्येकाची टोपली वेगळी असते. टोपली आणि पैसे भरण्याची पानं कॅश करता येत नाहीत. म्हणजे एकेक गिऱ्हाईक सर्व्हरला खरोखर काम लावतं. दिवाळी-नाताळच्या भेटींच्या मागण्या एकदम आल्या की शेअर्डचं छप्पर गळतं. इथे खरी निवड व्हीपीएस आणि मॅनेज्ड वर्डप्रेस यांच्यात आहे.

व्हीपीएस दिसायला स्वस्त. महिन्याला पाच-सहा डॉलरपासून तुमचा स्वतःचा प्रोसेसरचा वाटा, स्वतःची मेमरी. पण हे घर कौलारू आहे आणि शिडी तुमच्या हातात दिलेली आहे. सर्व्हर चालू झाल्यावर थोड्याच वेळात जगभरातून कोणी ना कोणी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न सुरू करतं, म्हणून पासवर्डने लॉगिन बंद करून किल्ली (आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली गुप्त फाइल) वापरायची आणि फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) लावायची. एक जीबी मेमरीत दुकान चालवलंत तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते, लिनक्स (सर्व्हर चालवणारी प्रणाली) चालू डेटाबेसच बंद पाडतो, आणि तुम्ही जेवायला बसलेले असता. उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्तीला नेहमीचा आधार पाच वर्षं मिळतो. २२.०४ ही आवृत्ती घेतली असेल तर २०२७ मध्ये छप्पर बदलायचंच आहे. हे सगळं करणारा मुलगा घरात असेल तर व्हीपीएससारखं काही नाही. तो मुलगा नोकरीला बेंगळुरूला जाणार असेल, तर मात्र विचार करा.

मॅनेज्ड वर्डप्रेस महाग पडतं, पण शाकारणी त्यांची. सर्व्हरची देखभाल, रोजचा बॅकअप, बदल करून बघायला वेगळी प्रत हे त्यात येतं. खटकतात त्या गोष्टी दोन. बरेच जण महिन्याच्या भेटींवर पैसे लावतात, आणि ईमेल बहुधा देत नाहीत. दुकान महिन्याला काही हजारांचा धंदा देत असेल तर मी डोळे मिटून हेच सुचवतो.

क्लाउड हा शब्द सध्या कशालाही चिकटवतात. शेअर्डचीच योजना, नाव ‘क्लाउड’. खऱ्या क्लाउडमध्ये वापराप्रमाणे बिल येतं, आणि गर्दीबरोबर सर्व्हर आपोआप वाढेल ही समजूत चुकीची, ते जुळवून घ्यावं लागतं. बाहेर जाणाऱ्या डेटाचंही बिल असतं. डेडिकेटेड सर्व्हर ज्याला लागतो तो हे वाचत बसणार नाही.

सर्व्हर कुठे असावा? गिऱ्हाईक जिथे आहे तिथे. मालक गोव्यात आहे, याने फरक पडत नाही. अ‍ॅमेझॉनची मुंबईची केंद्रं २०१६ पासून आहेत, डिजिटल ओशनचं बेंगळुरूला आहे. गिऱ्हाईक इथलं असेल तर यांतलं एखादं घ्या. अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायला २०० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात, आणि एका पानासाठी अशा बऱ्याच फेऱ्या होतात. होमस्टेचे पाहुणे युरोपातून बुकिंग करत असतील तर मुंबईचा हट्ट नको, सीडीएन (जगभर साइटच्या प्रती ठेवून जवळची देणारी सेवा) लावा. (पावसात आमच्याकडे लाईट गेली तर साइट बंद पडेल का, असं अजून विचारतात. नाही पडणार. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच साइट चालवायचा बेत असेल तर पडेल, रोज पडेल.)

बॅकअप कंपनीवर सोडू नका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळाली आणि ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कायमचं गेलं. महिन्यातून एकदा प्रत आपल्या घरी उतरवा. ईमेलही होस्टिंगबरोबर बांधू नका, झोहो किंवा गूगलकडे वेगळी ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्याची ओळख काटेकोर तपासतं, आणि स्वस्त शेअर्ड सर्व्हरवरचा एखादा शेजारी स्पॅम पाठवत असेल तर तुमचं बुकिंगचं उत्तरही जंकमध्ये पडतं. डोमेन (साइटचा पत्ता) तर स्वतःच्याच नावावर घ्या, साइट बनवणाऱ्याच्या नाही. माझ्याही नाही.

आणि होस्टिंग बदलायचं ठरलंच, तर ते जुलैत करा. पाहुणे नसतात, नाताळच्या मागण्या लांब असतात. आदल्या दिवशी डीएनएसची (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदीची) मुदत, म्हणजे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवली जाते, ३०० सेकंदांवर आणा, जुनं खातं आठवडाभर तसंच चालू ठेवा. काही बिघडलंच तर ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आत निस्तरायला दोन-तीन महिने हातात राहतात.