फॉरमॅट न करता प्रोफाइल पुन्हा उभे करून देणारे दुकान, हिंगणघाट

विंडोज सुरू करताना यूजर प्रोफाइल (म्हणजे वापरकर्त्याचा डेस्कटॉप, फाइल्स आणि सेटिंग्ज यांचा संच) लोड झाले नाही असा संदेश आला, किंवा संगणक सुरू होऊनही डेस्कटॉप कोरा करकरीत दिसू लागला, तर आमच्या भागात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : फॉरमॅट मारावा लागेल. हिंगणघाटच्या बसस्थानकाजवळील ज्या लहानशा संगणक दुरुस्तीच्या दुकानाबद्दल मी लिहीत आहे, तिथे ते उत्तर मिळाले नाही. केवळ तेवढ्यासाठी हे दुकान तालुक्यातील प्रत्येक कार्यालयाला ठाऊक असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी वडनेरकडील एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम पाहतो. हंगामात आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, काट्यावर वजन सुरू असते आणि वजन झालेल्या शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचा हिशेब कार्यालयातील एकाच संगणकावर होत असतो. अशा ऐन गर्दीत वीज गेली, यूपीएसची बॅटरी कमकुवत झालेली असल्यामुळे संगणक झटक्यात बंद पडला, आणि पुन्हा सुरू केल्यावर तात्पुरत्या प्रोफाइलने प्रवेश झाल्याची सूचना दिसू लागली. डेस्कटॉपवरील गाठींच्या लॉटची यादी, व्यापाऱ्यांचे सौदे, सरकीच्या विक्रीची नोंद, यांपैकी काहीही जागेवर नव्हते. आधी ज्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, त्याने संगणक न पाहताच डेटा गेला असे सांगून टाकले. मला हा प्रकार अत्यंत गैर वाटतो, कारण त्या डेटात इतरांच्या घामाचा पैसा नोंदलेला असतो.

हिंगणघाटच्या दुकानदारांनी सर्वप्रथम एक सूचना दिली : या अवस्थेत काहीही नवीन टाइप करून साठवू नका, कारण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेली फाइल साइन आउट करताच पुसली जाते. त्यानंतर त्यांनी सी ड्राइव्हमधील यूजर्स हे फोल्डर उघडले आणि आमच्या जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये एकेक यादी उघडून दाखवली. ‘काकाजी, सामान सारं इथंच हाय, फक्त विंडोजले खोलीची किल्ली सापडून नाही राहिली,’ हे त्यांचे शब्द ऐकून माझ्या जिवात जीव आला.

पुढचे काम त्यांनी ज्या क्रमाने केले, त्यातच त्यांचे कौशल्य दिसते. कशालाही हात लावण्यापूर्वी ते संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले, मग डिस्कची तपासणी चालवली. रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवते त्या नोंदवहीची, प्रत काढून ठेवल्यावर त्यांनी तिच्यातील प्रोफाइललिस्ट हा भाग उघडला. तिथे आमच्या खात्याची ओळख असलेल्या एकाच लांबलचक क्रमांकाच्या दोन नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकीच्या शेवटी ‘.बॅक’ असे लागलेले होते. चुकीची नोंद बाजूला करून मूळ नोंदीला तिचे नाव परत दिले की पुष्कळदा प्रोफाइल जसेच्या तसे उघडते. आमच्या बाबतीत ते उघडले नाही, कारण वापरकर्त्याच्या सर्व सेटिंग्ज ज्या एनटीयूजर.डॅट या फाइलमध्ये असतात, तीच खराब झाली होती. तेव्हा त्यांनी नवे खाते तयार केले आणि जुन्या फोल्डरमधील कागदपत्रे, डेस्कटॉप व डाउनलोड्स त्यात आणले. मात्र ती एनटीयूजर फाइल आणि तिच्या सोबतच्या लॉग फाइल्स कटाक्षाने मागे ठेवल्या, कारण त्या आणल्या असत्या तर बिघाडही सोबत आला असता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आमच्याकडे पब्लिक फोल्डरमध्ये असल्याने त्याला मुळात धक्काच लागला नव्हता.

नव्या खात्यात काय येणार नाही हेही त्यांनी आधीच सांगितले. क्रोममधील बुकमार्क आले, पण साठवलेले पासवर्ड जुन्या विंडोज खात्याशी बांधलेले असल्याने आले नाहीत. मराठी कीबोर्डची निवड आणि डीफॉल्ट प्रिंटर नव्याने लावावा लागला. डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण) लावून सही उमटते की नाही, हे त्यांनी माझ्यासमोर तपासले. जुने फोल्डर लगेच पुसले नाही. काही आठवडे काम सुरळीत चालल्यावर ते सिस्टिम प्रॉपर्टीजमधील यूजर प्रोफाइल्सच्या खिडकीतूनच काढावे, सी ड्राइव्हमधून थेट पुसू नये, नाहीतर रजिस्ट्रीतील नोंद मागे राहते, असे बजावले. एवढ्या कामाचे ७०० रुपये घेतले. फॉरमॅट करून सगळे सॉफ्टवेअर नव्याने बसवण्यात आमचे जे काम खोळंबले असते, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

आमचा संगणक विंडोज १० चा आहे आणि त्या आवृत्तीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, ही गोष्टही त्यांनी काढली. तरी नवा संगणक गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही, याची मी आवर्जून नोंद करतो.

दोन बाबतींत मात्र या दुकानाने सुधारणा केलीच पाहिजे. काट्यावरील संगणकाशी जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह हा प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. तो नव्या खात्यात जोडायचा राहून गेला आणि आम्हाला तो फोनवर विचारून जोडावा लागला. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. दुकानात आलेल्या संगणकांवर ग्राहकांचे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवलेले असतात आणि ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता येतात. संगणक ताब्यात घेतल्याची लेखी पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्या संगणकात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत, त्याच्या बाबतीत हे चालण्यासारखे नाही.

तिथे जाताना डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटरचे मॉडेल आणि जोडलेल्या ड्राइव्हची यादी सोबत न्यावी, पावती मागून घ्यावी आणि पासवर्ड लिहून देण्याऐवजी समोर बसून स्वतः टाकावा.