लांब दांड्याचा कचरा-चिमटा: पुळणीवर उत्तम, फक्त स्प्रिंग सांभाळा

सरळ सांगते, गुडघ्यांसाठी घेतला होता. पण आमच्या गुहागरच्या पुळणीवर हा चिमटा खरा कामाला येतो तो मर्यादवेलीत. भरतीच्या रेषेच्या वर पसरलेल्या या वेलीत बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ असं सगळं अडकून बसतं. दंताळं मारलं की कचऱ्याआधी वेलच हातात येते. तिला पेरापेराशी मुळं फुटलेली असतात, आणि वाळू धरून ठेवतात ती तीच. चिमट्याचं रबरी तोंड पानांमधून घालायचं, खटका दाबायचा, बूच बाहेर. शेजारचं जांभळं फूलसुद्धा शाबूत.

साफसफाईला येणारी पाहुणेमंडळी रावणाच्या मिशाही पोत्यात भरतात. वाऱ्यावर घरंगळणारे ते वाळके काटेरी गोळे कचऱ्यासारखे दिसतात खरे, पण त्यांत बी असतं. गोळा फिरतो तो बी पसरवायलाच. हातात चिमटा असला की माणूस एकेक वस्तू बघून उचलतो, सरसकट ओरबाडत नाही. पोरं तर यात मोठ्यांपेक्षा चोख!

आता तक्रारी. थर्माकोलचे दाणे याला दाद देत नाहीत. त्यांना चाळणीच हवी, आणि तीही खालच्या उघड्या वाळूतच फिरवायची. वेलीत गुंतलेलं मासेमारीचं जाळं चिमट्याने ओढू नका, मुळांसकट सगळं वर येतं. कात्रीने तुकडे करून काढा. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, झकास, पण आतली स्प्रिंग लोखंडी! खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात गंजली. आता काम झालं की गोड्या पाण्याने धुऊन खोबरेलाचा थेंब सोडते. सोबतच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही.

आमचे भावोजी म्हणतात, "वहिनी, ट्रॅक्टरचं यंत्र आणा, तासाभरात किनारा लख्ख." मोकळ्या वाळूवर आणा की. पण वेलीवर नको, आणि थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात त्या पट्ट्यात तर मुळीच नको.

मला पावणेतीनशेला पडला. पाचपैकी चार तारे, एक स्प्रिंगपायी कापला. घडीचा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. सांध्यात वाळू गेली की उघडतच नाही.