लक्षद्वीपची जहाज सहल आणि आमचे १ लाख ८६ हजार रुपये

परवा स्टाफरूममध्ये एका मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. "बघ गं, लक्षद्वीप किती स्वस्तात देतायत." वरचं कंपनीचं नाव वेगळं होतं, फोन नंबर वेगळा होता, पण सहलीच्या कार्यक्रमातली दुसऱ्या दिवसाची ओळ अक्षरशः तीच होती: 'सकाळी बंगाराम, सायंकाळी मिनिकॉय'. माझ्या तळहातांना घाम फुटला. ही ओळ असलेल्या कागदापायी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचे १ लाख ८६ हजार रुपये गेले. मैत्रिणीने अजून पैसे भरले नव्हते. तोच कागद आणखी कितीजणांच्या मोबाइलवर गेला असेल, या विचाराने झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

आम्ही घरात सहाजण. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. समुद्रातून बेटांची सहल करायची एवढं ठरलं होतं, कुठली ते ठरत नव्हतं. सासऱ्यांना अंदमान हवं होतं. १९११ ते १९२१ सावरकर ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, तिथली कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्यांचं कित्येक वर्षांचं मनात होतं. मुलांना मुंबईहून निघणारं मोठं क्रूझ जहाज हवं होतं, स्विमिंग पूलवालं. आणि मला कोचीहून सुटणाऱ्या जहाजाने लक्षद्वीप बघायचं होतं.

आज शांतपणे बघितलं तर तिन्ही मार्गांचा हिशोब सोपा आहे. अंदमानला विमानाने श्रीविजयपुरम म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला उतरायचं, पुढे स्वराजद्वीप, शहीदद्वीप ही बेटं बोटीने दीड-दोन तासांवर. या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीयांना वेगळा परवाना काढावा लागत नाही. मुंबईच्या क्रूझवर जाता-येता एकेक दिवस नुसता समुद्र असतो, लक्षद्वीपला जेमतेम एक दिवस उतरायला मिळतं, तेही हवामान बरं असेल तर. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठं जहाज बेटाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं, आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर जावं लागतं. कोचीहून सरकारची 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल असते. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं, रात्री जहाजावर आणि दिवसा बेटावर. बेटं नीट बघायची असतील तर मला आजही हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. पण लक्षद्वीपला पाय ठेवायला प्रवेश परवाना लागतो. आणि जिथे परवाना लागतो, तिथे मध्यस्थाचं फावतं.

आमचा टूरवाला महिलांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता. कुणाच्या तरी ओळखीचा, अस्खलित मराठी बोलणारा, पहिल्या वाक्यापासून 'ताई, ताई'. आमच्या घरातला घोळ मी स्वतःच त्याला सांगितला, आणि त्याने तो बरोबर धरला. "ताई, अंदमानला सगळेच जातात. मुंबईच्या जहाजात चार दिवस पाणीच बघत बसाल. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला बेटं बघायचीत ना? समुद्रममध्ये तीनच बेटं दाखवतात, माझ्याकडे पाच बेटांचा रूट आहे. कोट्यातल्या शेवटच्या सहा सीट." त्याचं अर्धं बोलणं खरं होतं, म्हणूनच बाकीचं अर्धं गळी उतरलं. माणशी ३१ हजार, त्यातच परवाना, जेवण, स्नॉर्केलिंग. निम्मे आधी, निम्मे निघायच्या आठवडाभर आधी. दोन्ही वेळा ९३ हजार, म्हणजे यूपीआयच्या एक लाखाच्या मर्यादेत बसतील असे. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं आहे ताई, जीएसटीचं काम चालू आहे." मी मान डोलावली.

आता त्या कागदाबद्दल. बंगाराम हे अगत्तीजवळचं बेट, द्वीपसमूहाच्या उत्तरेकडच्या भागात. मिनिकॉय अगदी दक्षिणेला, नाइन डिग्री चॅनेल या रुंद समुद्रपट्ट्याच्या पलीकडे, मालदीवच्या दिशेला. दोघांत सुमारे तीनशे किलोमीटर समुद्र. मधल्या कल्पेनीहूनसुद्धा मिनिकॉय दोनशे किलोमीटर आहे, जहाजाची अख्खी रात्र जाते. सकाळी बंगारामला पोहून संध्याकाळी मिनिकॉयचं दीपगृह बघणं जहाजाने शक्यच नाही. माझ्या वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा टांगलेला आहे. पाचवीच्या मुलांना मी त्याच्यावर लक्षद्वीप दाखवते. तो रूट एकदा, फक्त एकदा, नकाशावर बोटाने फिरवला असता तर तिथेच सगळं उघड झालं असतं. ज्याने बेटं बघितलेली नाहीत आणि जहाज भरलेलं नाही, त्याने नावं आवडतील तशी ओळीत लावली होती.

दुसरी खूण परवान्याची. निघायच्या पाच दिवस आधी पीडीएफ आली. सहाजणांचे फोटो, शिक्का, सही. सासऱ्यांच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. मी कळवलं, आणि दहा मिनिटांत दुरुस्त परवाना आला. रविवारी रात्री साडेनऊला. मला तेव्हा त्याच्या तत्परतेचं कौतुक वाटलं. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले तर सहाही जणांचा परवाना क्रमांक एकच होता, आणि दुरुस्त केलेलं नाव बाकीच्या नावांपेक्षा किंचित जाड अक्षरात होतं.

कोचीला रेल्वेने पोहोचलो. विलिंग्डन बेटावर, जिथून लक्षद्वीपची जहाजं सुटतात, तिथे सकाळी सामानासकट उभे राहिलो. बेटांवरचे लोक घरी परतत होते. भाजीच्या टोपल्या, तांदळाची पोती, एकाने गुंडाळलेली गादी डोक्यावर घेतलेली. पलीकडे पांढरं जहाज दिसत होतं. दारावरच्या माणसाने आमचा कागद हातात घेतला, यादी बघितली, पुन्हा कागद बघितला, आणि काही न बोलता आम्हाला बाजूला उभं केलं. कार्यालयातल्या बाईंनी संगणकावर सहाही नावं एकेक करून शोधली. कुठेच नव्हती. "असा रूट आमचा नाही," त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या. टूरवाल्याचा फोन दोनदा वाजला, मग बंद झाला. सासऱ्यांनी सहलीसाठी नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. ते बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते आणि मला म्हणत होते, "जाऊ दे गं, तू वाईट वाटून घेऊ नकोस." तो आवाज अजून कानात आहे.

त्याच दुपारी लॉजवरून १९३० वर तक्रार नोंदवली. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकं खात्यात पैसे अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. आमचा दुसरा हप्ता जाऊन सहा दिवस झाले होते. गावी आल्यावर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, बँकेला अर्ज दिला. दुसऱ्या हप्त्यातले १७ हजार एका खात्यात गोठवलेले सापडले, ते सोडवण्यासाठी अजून कोर्टाच्या आदेशाची वाट बघतो आहोत. पहिल्या हप्त्याचा माग लागलेला नाही.

जहाजाने लक्षद्वीपला जायचं असेल तर 'समुद्रम'चं बुकिंग लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेकडे होतं. एजंटमार्फत केलंत तरी दुसरा हप्ता देण्याआधी कोचीच्या कार्यालयात स्वतः फोन करून आपली नावं त्या जहाजाच्या यादीत आहेत का ते विचारा. मी हा एक फोन केला असता तर निदान ९३ हजार वाचले असते. आणि टूरवाल्याला विचारा, कुठल्या बेटावर किती वाजता उतरणार, पुढचं बेट किती लांब, मधली रात्र कुठे. मी हे प्रश्न परवा मैत्रिणीच्या फोनवरून त्या नव्या नंबरला विचारले. "मॅडम, तुम्ही आधी अ‍ॅडव्हान्स टाका, डिटेल्स पाठवतो," असं उत्तर आलं. मिनिकॉयचं अंतर विचारल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. तो नंबर आणि तो कागद आम्ही दोघींनी काल पोलिसांकडे दिला.