बेडफर्ड स्क्वेअर की मेरियन स्क्वेअर: जॉर्जियन घरातलं ऑफिस

लंडनचा बेडफर्ड स्क्वेअर १७७५ नंतरचा, डब्लिनचा मेरियन स्क्वेअर १७६२ पासूनचा. दोन्हीकडच्या जॉर्जियन, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या, राहत्या घरांत आता बरीच ऑफिसं आहेत.

बेडफर्डची प्रत्येक बाजू एकाच राजवाड्यासारखी दिसते. मधल्या घराला गिलावा आणि त्रिकोणी शिरोभाग, बाकीची घरं विटांची. दारांच्या कमानींना कोड स्टोनची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाची नक्षी. मेरियनला भूखंड सुटे दिले गेले, त्यामुळे छपरांची रेघ वरखाली होते. तिथे नजर खिळते ती रंगीत दारांवर आणि त्यावरच्या पंख्यासारख्या तावदानावर. अंधाऱ्या प्रवेशमार्गात उजेड येतो तो त्यातूनच.

आतली मांडणी मात्र सारखीच: मजल्यावर पुढे एक खोली, मागे एक, बाजूला जिना. पहिल्या मजल्यावरच्या उंच खिडक्यांचा दिवाणखाना मीटिंगसाठी उत्तम. वर नोकरांच्या ठेंगण्या खोल्यांत चार टेबलं लावतानाही दमछाक. लिफ्टसाठी जागा काढायची तर जुनी खोली कापावी लागते, आणि ते मला पटत नाही.

जागा वाढवायला शेजारची भिंत फोडतात. तिच्यात चुलाण्यांची धुराडी असतात, म्हणून दार जपूनच काढावं लागतं. बेडफर्डमध्ये १९१७ पासून असलेल्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकलेच्या शाळेने अशी अनेक घरं जोडून वापरली आहेत. मोठ्या संस्थेसाठी मी बेडफर्डच निवडेन, एक घर पुरत असेल तर मेरियन.

मेरियनलगतच्या लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सोळा घरं वीज मंडळाने १९६०च्या दशकात मुख्यालयासाठी पाडली. त्याचं दुःख अजूनही वाटतं.