कानात घातला तो वेगळा, घरी आणला तो वेगळा

सांगली ते कोल्हापूर, रोजची एसटी. जाऊन येऊन तीन तास, म्हणजे एक अख्खी मैफल ऐकून होते. डोक्यावरून घालायचे हेडफोन वापरून बघितले, पण चष्म्याच्या काड्या कानामागे रुतायच्या आणि हातकणंगले येईपर्यंत डोकं धरायचं. साध्या इअरफोनमध्ये एसटीच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवावा लागायचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला जास्तीत जास्त ४० तासच ऐका असं सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. रात्री कानात शिट्टी वाजायला लागली तेव्हा ठरवलं, बाहेरचा आवाज मारणारे चांगले इअरबड्स घ्यायचे.

बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. मोठ्या कंपनीचा माल, छापील किंमत दहा हजारांच्या आसपास. "काका, कस्टमचा माल आहे, तुम्हाला ३२००ला देतो. आधी कानात घालून बघा, मग बोला." काउंटरवरचा पीस घातला आणि खरं सांगतो, डोक्यावरचा पंखा बंद झाल्यासारखं वाटलं. रबराची टोपी मऊ, कानात काही घातलंय हे विसरायला होत होतं. डाव्या कानाला मधली टोपी बसली, उजव्याला लहान. (दोन्ही कान सारखे नसतात हे मला पन्नाशीत कळलं.)

मी म्हटलं, हाच द्या. तो हसला. "अहो, हा डेमोचा. तुम्हाला सीलपॅक देतो की!" सीलपॅक म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिथंच उघडून बघतो म्हटलं, तर "सील फोडलं की परत घेत नाही, काका." बिल मागितलं, तर "बिलावर १८ टक्के जीएसटी वर लागेल." मी मुकाट्याने स्कॅन करून पैसे दिले. नाव दुकानाचं नाही, कुणातरी माणसाचं आलं, तेही वाचून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत घातले. बटण दाबलं की एक बाई इंग्रजीत सांगायची की नॉईज कॅन्सलिंग चालू झालं. एसटीची घरघर होती तिथंच. रबराच्या टोपीला साच्याची बारीक कड होती, ती घासून घासून आठवड्यात कान आतून सोलला. मला वाटलं, नवीन आहेत, सवय होईल. नव्या चपलेला सांभाळतो तसं मी त्यांना सांभाळलं.

डोळे उघडले ते मिरजेत. सतारमेकर गल्लीतला माझा मित्र जन्मभर तंबोऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारेच्या झणकारात, बोटं घालून बसलेला. त्याला सहज ऐकायला दिले. अर्ध्या मिनिटात काढून हातात ठेवले. "मर्दा, जवारी कुठाय? नुसतं भोपळ्यावर थापा मारल्यागत वाजतंय." मी गाणं ऐकणारा माणूस, पण डबीवरच्या नावाने माझे कान बंद केले होते.

मग तपास सुरू केला. कंपनीने एका बाजूचं वजन ५.४ ग्रॅम दिलंय. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या पेढीत काट्यावर ठेवला, ३.९ भरला. "काका, घट जास्त आहे," सराफ म्हणाला. डबीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या साईटवर टाकला, तर तो बरोबर निघाला, फक्त वॉरंटी केव्हाच संपलेली. कुण्या खऱ्या पीसचा नंबर उचलून शेकडो डब्यांवर छापत असणार, म्हणून नुसता नंबर जुळला यावर जाऊ नका. डबीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, तो कायद्याने लागतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) चिन्हाखाली 'आर' आणि आठ आकडे होते. ते 'बीआयएस केअर' ॲपवर टाकले, तर कुठल्याशा चार्जरवाल्याची नोंद समोर आली. हे दोन मिनिटांचं काम, दुकानात उभ्या उभ्या होणारं.

दुकानात गेलो तर "सील फोडलंय, काका." पुढचं लांबण लावत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. बिल नाही, पण पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट होता, तोच जोडला. तुम्ही कधी अडकलात तर तो पुसू नका. आणि असा डेमो कुणी दिला, तर कानात घातलेलाच पीस मागा, नाहीतर बिल घेऊन सीलपॅक पैसे द्यायच्या आधी तिथंच फोडून पंख्याखाली लावून बघा. दुकानदार का-कू करायला लागला, की पायऱ्या उतरा.

चार दिवसांनी त्याचाच फोन. "काका, तक्रार कशाला वाढवताय? डबी आणून द्या, १५०० परत देतो." हातातोंडाशी आलेले पैसे, नाही कशाला म्हणू? पण डबी परत का हवी, हे विचारल्यावर तो गप्प झाला. प्लॅस्टिक गुंडाळून गरम हवा मारली की पुन्हा सीलपॅक, आणि पुढच्या काकांच्या कानात.

नाही दिली. कपाटात आहे, तक्रारीच्या नंबरासकट. सध्या वायरवाले साधे इअरफोन वापरतो, फोमच्या टोप्यांचे. डाव्याला मधली, उजव्याला लहान.