लेकराच्या तापावर पॅरासिटामॉल की निमेसुलाइड?
तापाने फणफणलेल्या लेकराला मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. ती निमेसुलाइड असेल तर? ताप उतरतो खरा, पण यकृताला इजा होऊ शकते. म्हणूनच २०११ पासून भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आहे. अमेरिकेत तर त्याला कधी मंजुरीच मिळाली नाही. हे औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठतं म्हणून आपल्याकडे जनावरांसाठीही ते बंद झालं.

मी पॅरासिटामॉलच्याच बाजूने, पण वजनाच्या हिशेबाने: एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास. जास्त झालं तर तेही यकृताला सोडत नाही. बाटलीवर ५ मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम लिहिलंय की २५०, हे वाचूनच माप भरा.