जुनी बॉक्स्टर की जुनी एमएक्स-५?

दोन्ही दोन आसनी, टप उघडणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या. पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर (१९९६–२००४) आता स्वस्तात मिळते, पण सुटे भाग पोर्शेच्याच भावाने येतात. तिचं खास दुखणं म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या एका फिरत्या दांड्याचं, बेअरिंग. ते फुटलं की इंजिन गेलंच म्हणून समजा. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून जाणकार क्लचच्या कामातच ते उरकून घेतात. तेव्हा गाडी बघायला गेलात की आधी बिलं मागा, चकाकी नंतर. पुढच्या बंपरमध्ये पालापाचोळा साठून रेडिएटर खराब होतात, तेही वाकून बघा.

माझदा एमएक्स-५ची दुसरी पिढी (१९९८–२००५) साधी. चार सिलिंडर, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) लाखभर किलोमीटरच्या आत बदलायचा. तिचा खरा वैरी गंज, त्यातही ब्रिटनसारख्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात. टपाचं पाणी जायची भोकं तुंबली की दाराखालचे पत्रे आतून सडतात, वरचा रंग मात्र झकास!

पाठीमागून सहा सिलिंडर गरजले की माझदा फिकी पडते, हे कबूल. पण स्वतः पाने-स्क्रूड्रायव्हर हाती घेणार असाल तर माझं मत माझदालाच. बॉक्स्टरच हवी असेल तर दुरुस्तीचे पैसे वेगळे काढूनच सौद्याला बसा.